शिंपीकाम करणाऱ्या आमच्या तात्यांना

तात्या, नमस्कार.

तुम्ही मोबाईल बघत नाही हे ठाऊक आहे. नात वाचून दाखवील, म्हणून लिहितोय.

परवा संध्याकाळी देवबागच्या बाजूला, कर्लीच्या खाडीत गरीला तांबोशी मासळी लागली. खारफुटीच्या मुळांकडे दोनदा पळाली. माझी फ्लाय, म्हणजे आकड्यावर केस आणि दोऱ्यानं बांधलेलं नकली आमिष, हातात आली तेव्हा तिचे केस पार विस्कटलेले, पण डमरूच्या आकाराचे शिशाचे डोळे मात्र बांधले तिथेच. याआधीच्या तिन्ही फ्लायचे डोळे पहिल्याच ओढीला आकड्याभोवती गर्रकन फिरले होते.

अमेरिकेतल्या बॉब क्लाउझर यांनी नदीतल्या बास माशांसाठी काढलेली ही बांधणी. सगळी भिस्त त्या शिशावर आणि ते धरून ठेवणाऱ्या दोऱ्यावर. शहरातल्या एका दुकानदाराला दोऱ्याचं विचारलं, तर म्हणाला, "शिलाईचा कुठलाही चालतो." पुन्हा गेलो तर 8/0 चं रीळ माथी मारलं. मोठा नंबर, म्हणजे भक्कम म्हणे! मित्रांचं तर काय, "कोळंबी लाव आणि गप गरव."

तुम्ही तेवढंच विचारलंत, "कित्याक व्हयो?" आणि हसला नाहीत.

मग जे केलंत ते डोळ्यासमोरून जात नाही. कुणाचा तरी ब्लाऊज मशिनवर अर्धा शिवून होता. तुम्ही पाय थांबवलात, सुईत ओवलेला दोरा काढलात आणि त्याचं टोक माझ्या चिमटीत दिलंत. दुसऱ्या चिमटीत माझ्याकडचा 140 डेनियरचा. "नख फिरव." शिलाईचा दोरा घट्ट पिळाचा, लव असलेला, गोल तो गोलच. माझ्या दोऱ्याला लावलेली बॉबिन तुम्ही लोंबकळत सोडलीत. ती आपोआप उलटी गिरगिरली, पीळ सुटला आणि दोरा फितीसारखा चपटा झाला. "ह्यो कापडातसून जाणारो, तुझो आडवो पडाक व्हयो." चपट्या दोऱ्याचे वेढे एकमेकांवर नीट बसतात, फ्लायचं डोकं फुगत नाही, म्हणून जास्त वेढे घेता येतात. तीन पावसाळे मी नुसता ताकद शोधत होतो.

नंबरांचा घोळही तुम्हीच सोडवलात. 1982 च्या संपात गिरणी गेली, पण सूत डोक्यात राहिलं. सुताचा नंबर वाढला की सूत बारीक. डेनियर वाढलं की जाड, कारण ते 9000 मीटरचं ग्रॅममधलं वजन. 8/0 ची चाल सुताच्या नंबरासारखी, म्हणजे 6/0 पेक्षा बारीक, आणि त्यातही एका कंपनीचा नंबर दुसरीशी जुळेलच असं नाही. मालाची किंमत पाठ असणारे पुष्कळ भेटतात. हातातलं काम बाजूला ठेवून समोरच्याच्या वेडाला मान देणारी माणसं आमच्या कोकणात अजून आहेत, तात्या, फक्त त्यांच्या दुकानांवर पाट्या नसतात.

पैसे घेतले नाहीत, ते राहू दे. पुढची तांबोशी तुमच्या घरी पोचती करतो, खवले काढून.

आणि तो ब्लाऊज वेळेवर गेला ना? बाई रागावल्या असतील तर माझं नाव सांगा.

तुमचा,
गरीवाला