चि. मैत्रेयीस, दादरहून

चि. मैत्रेयी हिस अनेक आशीर्वाद.

‘बाबा, दिवसभर तुम्ही दोघं करता काय?’ असं तू फोनवर विचारतेस आणि मी तोंड उघडायच्या आत आई फोन काढून घेते. म्हणून लिहितोय. आईचं ठीक चाललंय, हे आधी वाच.

रेडिएशन सोमवार ते शुक्रवार असतं, शनिवार-रविवार सुट्टी. आत तिने एकटीनेच जायचं. मशीनखालचं काम काही मिनिटांत उरकतं, बाहेरच्या बाकावर मात्र सकाळची दुपार होते. अंगावर शाईच्या खुणा केल्या आहेत, त्या पुसू द्यायच्या नाहीत, त्यामुळे आंघोळ म्हणजे एक कसरत. कातडी काळवंडलीय, दमणूक आहे. पण हे होणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. जाच आहे तो बाकाचा. तिथे लोक एकमेकांना रिपोर्ट दाखवतात, कुणाच्या मेव्हणीचं पुढे काय झालं ते सांगतात, आणि ऐकलेलं सगळं घेऊन आपण संध्याकाळी धर्मशाळेत परततो.

सुरुवातीला मी एक हलकंफुलकं विनोदी पुस्तक नेलं होतं. अशा दिवसांत सोपं काहीतरी वाचावं, असं सगळेच सांगतात. मला ते आता पटत नाही. पानं उलटत होती आणि डोक्यात बायोप्सीचा रिपोर्ट चालू होता. सोप्या पुस्तकात मन मोकळं राहतं, आणि मोकळं राहिलं की नको तिकडेच जातं.

मग मी मोडी काढली, जुन्या मराठी कागदांची ती जोडअक्षरी वळणाची लिपी. तुझ्या पणजोबांचं खरेदीखत आहे ना, देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेतलं, त्याचा फोटो मोबाइलमध्ये होता. तलाठ्याच्या नोकरीत मोडी कागद हाती आला की आम्ही सगळे एका म्हाताऱ्या कारकुनाकडे धावायचो. ते गेल्यावर कागद नुसतेच पडून राहिले. २०२३ मध्ये जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. तेव्हापासून मनात होतं. बाराखडीचा तक्ता झेरॉक्स करून आणला, शंभर पानी वही घेतली.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं ओढत जातात. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. एक शब्द कुठे संपला हे कळायला पुढचा लागावा लागतो आणि पुढचा लागायला मागचा. मुंबई सरकारने १९१७ मध्ये कारभारासाठी बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, घ्यायचं ठरवलं, तरी लोकांच्या हातातली मोडी काही लगेच सुटली नाही. आपलं खत त्यानंतरचंच आहे आणि लिहिणाऱ्याला बहुधा जेवायला जायची घाई होती. बाकावर मी दोन-तीन ओळी घेऊन बसतो. एका शेपटीवाल्या अक्षरापाशी अडलो की शेजारी कोण काय सांगतंय ते ऐकूच येत नाही. आईचं नाव पुकारतात तेव्हा तीच मला कोपराने ढोसते.

चतुःसीमा लागल्या. पूर्वेला गाडीवाट, पश्चिमेला ओढा. त्यापुढे एक लांबलचक गुंता होता, तो सुटेना. तो शनिवारी सुटला. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालचं. तिथे पेपर चाळणाऱ्या निवृत्तांत बसलो होतो, माझ्यासारखेच सगळे. ‘जल तरू तृण काष्ठ पाषाण निधिनिक्षेपासहित’! म्हणजे विकणाऱ्याने पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड आणि जमिनीत पुरलेलं धनसुद्धा पणजोबांना देऊन टाकलं होतं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘धन होतं तर मग मला नांदायला आल्यावर चुलीपुढे का बसवलं?’ किती दिवसांनी ती अशी बोलली.

तिचं क्रोशे चालू आहे. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात जड पडतो, म्हणून थोडं विणायचं, थोडा वेळ हात उशीवर ठेवायचा. पाच साखळ्या, तीन खांब, असं पुटपुटत असते. चुकलं की उसवते, आणि उसवताना तिला अजिबात राग येत नाही, ही मला नवलाचीच गोष्ट वाटते. पोळी करपली तर काय होतं ते तुला माहीत आहेच. यवतमाळकडची एक बाई रोज तिच्याजवळ येऊन बसते, आता तीही सुई घेऊन आलीय. त्या दोघी आजाराबद्दल बोलत नाहीत. दोऱ्याच्या भावाबद्दल बोलतात.

याने सगळं निवतं असं समजू नकोस. रात्री तीनला जाग येते ती येतेच, आणि अंधारात मोडीही उपयोगाची नाही. पण दिवस बरे जातात.

अनिकेत सांगत होता, तू रात्री नेटवर टक्केवारी वाचत बसतेस. ते बंद कर. त्यात तुझी आई नाही, कुठल्यातरी हजारो बायकांची सरासरी आहे. तिकीटही आत्ता काढू नकोस, दिवाळीत ये, तेव्हा तिला तुझ्याशी भांडायला ताकद आलेली असेल. त्याऐवजी एक काम देतो. बाराखडीचा तक्ता आणि खताचा खालचा अर्धा भाग पाठवतोय. लहानपणी शब्दकोडं सोडवल्याशिवाय जेवायची नाहीस, तेव्हा हे तुला जमेल. येत्या रविवारी फोनवर तुझं वाचन आणि माझं वाचन ताडून पाहू. मी चार ओळी पुढे आहे, एवढं सांगून ठेवतो.

खताचं दुसरं पान आत्याकडे आहे. तिने पाठवलेल्या फोटोत साक्षीदारांच्या नावांवर तिचाच अंगठा आलाय. तिला परत फोटो काढायला तूच सांग, माझं ती ऐकत नाही.

कळावे,
तुझा बाबा