पैज हरलो लेका

प्रिय संज्या,

मिसळ लागू झाली बाबा तुला. अँथ्रोपोसीन, म्हणजे माणसाने पृथ्वी बदलली म्हणून 1952 पासून मोजायचं ते नवं भूशास्त्रीय युग, मंजूर होईल म्हणून मी पैज लावलेली, ते नापास! मार्च 2024 मध्ये भूशास्त्रज्ञांच्या मतदानाचा निकाल लागला, 12 विरोधात, 4 बाजूने. मतदानाच्या पद्धतीवरून नंतर भांडणं पण झाली म्हणे, पण वरच्या संघटनेने निकाल कायम केला, संपला विषय. 2009 पासून कमिटी बसलेली रे यावर. मला वाटलेलं क्रॉफर्ड लेक, या युगाची खूण म्हणून निवडलेलं ते तळं, बघून तरी लोक गप बसतील.

त्या तळ्याचं तुला नीट सांगायचं राहिलंच. कॅनडात, ओंटारियोत, जेमतेम अडीच हेक्टरचं आणि खोली मात्र 24 मीटर, त्यामुळे वरचं पाणी तळापर्यंत मिसळतच नाही आणि खालचा गाळ कोणी ढवळत नाही. उन्हाळ्यात कॅल्साइटचा पांढरट थर बसतो, त्यावर कुजक्या पाल्याबिल्याचा काळा, की झालं एक वर्ष, पासबुकात एन्ट्री पडावी तसं. मग 1950 च्या पुढे त्याच पासबुकात प्लुटोनियम वाढलेला दिसतो, बॉम्ब फोडले पॅसिफिकमध्ये आणि नोंद कुठे तर या एवढ्याशा तळ्यात! मी तर फिदाच होतो यावर.

पण गंमत बघ, त्याच गाळात खाली 13व्या-15व्या शतकातले मक्याचे परागकण पण आहेत, तिथल्या मूळ लोकांनी जंगल तोडून शेती केली त्याचे. म्हणजे तू जे म्हणायचास की सुरुवात 1952 लाच का, नांगर धरला तेव्हापासून का नाही, आणि मी ज्यावर चिडायचो, ते माझ्याच लाडक्या तळ्यात निघालं की! विरोधकांचं तेच म्हणणं, माणसाचा हात हजारो वर्षं हळूहळू फिरतोय, एक रेघ कुठे मारणार, याला युग नको, घटना म्हणा. पटतंय मला आता, पूर्ण नाही, ऐंशी टक्के. उरलेले वीस त्या प्लुटोनियमसाठी, तो निम्मा व्हायलाच 24 हजार वर्षं लागतात.

तोवर कागदोपत्री आपण होलोसीनमध्ये, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरच्या जुन्याच युगात, त्यातही मेघालयन काळात. 4,200 वर्षांपूर्वीपासूनचा, 2018 ला ठरलेला, चेरापुंजीजवळच्या मावम्लूह गुहेतल्या एका दगडी खांबावरून. आपल्या देशातलं नाव आणि आपण दोघं अजून तिकडे फिरकलो नाही, लाज वाटते.

रविवारी ये. मिसळ माझी, चेरापुंजीची तिकिटं तू बघ.

तुझाच,
पश्या