विमान उतरल्यावर टेस्ट करून काय उपयोग?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पायलटच्या तोंडाला दारूचा वास आला, कोणीतरी तक्रार केली, फ्लाइट लेट झाली अशी बातमी आली की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो याला जन्माची अद्दल घडवा, दुसरा म्हणतो बिचाऱ्याचं करिअर उगाच संपवलं. मला दोघांनाही एकच विचारायचंय, श्वासातल्या दारूची टेस्ट केली होती का आणि केली तर कधी केली?

आपल्या डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नियम तसा कडक आहे. ड्यूटीच्या आधी १२ तास दारू बंद, फुंकर मारायच्या मशीनवर रीडिंग शून्यच पाहिजे, पहिल्यांदा सापडला तर ३ महिने लायसन्स सस्पेंड, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा रद्दच. टेस्टला नाही म्हटलं तरी तेच. (अमेरिकेत ८ तास आणि रक्तात दारू ०.०४ टक्क्यांपेक्षा कमी असली तर चालतं, म्हणजे आपण जास्तच कडक.) भारतातून ड्यूटी सुरू होणार असेल तर टेस्ट आधी होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण परदेशातून इथे येणाऱ्या फ्लाइटच्या क्रूची टेस्ट इथे उतरल्यावर होते! म्हणजे शेकडो माणसं समुद्रावरून आणून झाली की मग कळणार साहेब घेऊन बसले होते का ते.

आणि खरं तर तेव्हाही कळणार नाही. शरीरातली दारू तासाला १०० मिलीलीटर रक्तामागे साधारण १५ मिलीग्रॅम या हिशोबाने उतरते, माणसामाणसात थोडा फरक पडतो पण अंदाज हाच. ऑक्टोबर २०१८ मध्ये लंडनच्या हीथ्रोवर जपान एअरलाइन्सचा को-पायलट पकडला गेला, त्याच्या रक्तात १८९ मिलीग्रॅम निघाले, तिथली पायलटची मर्यादा २०. विमान टोकियोला जाणार होतं, जवळपास १२ तासांचा प्रवास. आता गुणाकार करून बघा, तो माणूस उडाला असता आणि टोकियोला उतरल्यावर फुंकर मारली असती तर मशीनवर जेमतेम काहीतरी आलं असतं. लांबची फ्लाइट म्हणजे पुरावा आपोआप धुऊन निघतो. त्याला १० महिन्यांची शिक्षा झाली ती केवळ उडायच्या आधी अडवला म्हणून.

अडवला कोणी, तर क्रूला सोडणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने, त्याला वास आला. हे मला फार विचित्र वाटतं. १३ जानेवारी १९७७ ला अलास्कात अँकरेजला जपान एअरलाइन्सचंच मालवाहू विमान उडता उडता पडलं, ५ जण गेले, कॅप्टन पूर्ण नशेत होता. पंखांवर बर्फ होतं हे पण एक कारण होतं, पण नशा ती नशाच. तिथेही त्याची अवस्था टॅक्सीवाल्याच्या लक्षात आली होती. १९९० मध्ये अमेरिकेत फार्गोहून निघालेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या विमानात तर कॉकपिटमधले तिघेच्या तिघे प्यायलेले, आदल्या रात्री बारमधून कोणीतरी खबर दिलेली, इन्स्पेक्टर विमानाजवळ येऊन गेला, आणि तो वरच्यांना फोन करून विचारेपर्यंत विमान उडालं पण. ९१ प्रवासी होते, नशिबाने सगळे सुखरूप उतरले. बाहेरच्या माणसाला दिसतं आणि शेजारी बसलेल्याला दिसत नाही असं कसं होतं, दिसत असणारच, पण सीनियरविरुद्ध कोण बोलणार?

दुसरी बाजूही आहे. नुसत्या संशयावर पायलटचा व्हिडिओ काढून फिरवणारे प्रवासी पण कमी नाहीत. झोप झालेली नाही, सर्दी झालीय, शुगर लो झालीय, अशा माणसाचेही डोळे लाल दिसतात आणि बोलणं अडखळतं. माउथवॉशने गुळणी केली तरी थोडा वेळ मशीन वाजतं, म्हणूनच पंधरा-वीस मिनिटं थांबून दुसरी टेस्ट घेतात. ती होईपर्यंत व्हिडिओ गावभर झालेला असतो, नंतर रीडिंग शून्य आलं हे कोण वाचतं.

पायलटचीही व्यसनं असतात, माणूसच आहे तो. त्या फार्गोच्या प्रकरणातला कॅप्टन जेलमध्ये गेला, व्यसनमुक्त झाला आणि पुन्हा त्याच कंपनीत विमान उडवायला लागला. स्वतःहून सांगणाऱ्याला उपचार आणि परतीचा रस्ता मिळायलाच पाहिजे, नाहीतर सगळे लपवतच राहणार. पण तो विषय टेस्टनंतरचा.

तर माझी मागणी एवढीच की कुठल्याही देशातून निघा, कॉकपिटमध्ये बसायच्या आधी फुंकर मारा. तिकडे डॉक्टर कुठून आणायचा वगैरे सांगू नका, मशीन हातात मावतं, कंपनीचा माणूस प्रत्येक विमानतळावर असतोच, कॅमेऱ्यासमोर टेस्ट घ्या आणि रेकॉर्डिंग लगेच इथे पाठवा. रीडिंग शून्य आलं की त्याची प्रिंट पायलटकडे पण द्या, म्हणजे कोणी वास येतोय म्हणून आरडाओरडा केला तर तिथल्या तिथे दाखवता येईल.

आपला,
एक नियमित वाचक