तिसऱ्या मेणबत्तीच्या रविवारी रक्तदान व्हावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातली ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली; मराठी ही आमच्या घरातली भाषा. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, लग्नही तिथेच लागलं. रक्तपेढीत ३१ वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम करून मी निवृत्त झाले.

नाताळचा आठवडा रक्तपेढीला फार जड जातो, हा माझा दरवर्षीचा अनुभव. कॉलेजांना सुट्टी, नोकरदार गावी नाहीतर गोव्याला, त्यामुळे शिबिरं थांबतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना मात्र दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. एका वर्षी २८ डिसेंबरला कळव्याचे एक रिक्षाचालक सात वर्षांच्या मुलाला घेऊन आले. गट बी पॉझिटिव्ह, एरवी सहज मिळणारा. त्या दिवशी आमच्या फ्रिजमध्ये त्या गटाची एकही पिशवी नव्हती. मुलाला आजीजवळ बाकावर झोपवून त्यांनी आणखी दोन पेढ्या पालथ्या घातल्या. रात्री साडेआठला पिशवी मिळाली. मी घरी पोचले तेव्हा टेबलावर कुलकुलांचा आणि करंज्यांचा डबा होता. त्या रात्री माझ्याने एकही करंजी खाववली नाही.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. वेदीजवळ दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. तीन जांभळ्या, एक गुलाबी. जांभळा रंग प्रायश्चित्ताचा आणि वाट पाहण्याचा. पण हे दिवस आता खरेदीत, चांदण्या टांगण्यात आणि येशूजन्माच्या देखाव्याच्या गोठ्यांच्या स्पर्धेत संपतात. गोठा सजवू नये असं मी मुळीच म्हणत नाही, माझ्याही दारात असतो. मात्र मत्तयच्या सुवार्तेतल्या २५व्या अध्यायात ख्रिस्त विचारतो ते भुकेल्याला, तहानलेल्याला, आजाऱ्याला आपण काय दिलं एवढंच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनेही, ७ डिसेंबर १९६५ रोजी, म्हणजे ऐन आगमनकाळात, जाहीर केलेल्या दस्तऐवजात सर्वांच्या भल्याची जबाबदारी श्रद्धावंतांवर टाकली आहे. ‘सर्वांच्या’ या शब्दात परधर्मीय शेजारीही आला. आम्ही चाळीत राहत होतो तेव्हा दिवाळीचं फराळाचं ताट आमच्याकडे यायचं आणि नाताळला आमचं ताट त्यांच्याकडे जायचं. मी त्यातच वाढले.

म्हणून ठाण्यातल्या सगळ्या चर्चना माझी विनंती आहे. गुलाबी मेणबत्तीच्या तिसऱ्या रविवारी, मिस्सानंतर म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, रक्तदान शिबिर ठेवा. हा रविवार ११ ते १७ डिसेंबरच्या दरम्यान येतो. लाल पेशी साधारण ३५ दिवस टिकतात, म्हणजे त्या दिवशी घेतलेलं रक्त नाताळ आणि नववर्ष दोन्हींना पुरेल. मात्र सगळ्या चर्चनी एकाच रविवारी शिबिर घेऊ नये, काहींनी आधीचा किंवा नंतरचा रविवार घ्यावा. तीनशे पिशव्या एकाच दिवशी आल्या तर त्यांतल्या कित्येक मुदत संपून फेकाव्या लागतात. मी माझ्या हातांनी फेकल्या आहेत, आणि ते फार लागतं. म्हणून तारीख रक्तपेढीला विचारूनच ठरवावी.

प्लेटलेट्सची अडचण वेगळी आहे. त्या पाचच दिवस टिकतात, त्यामुळे शिबिराचा साठा २७-२८ तारखेला उपयोगी पडत नाही. त्या आठवड्यात जे ठाण्यातच असतील, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, त्यांनी तास-दीड तास काढून जवळच्या रक्तपेढीत जावं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा हवं. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. उपाशीपोटी जाऊ नका, नाश्ता करून, भरपूर पाणी पिऊन जा. आदल्या रात्री पार्टीत दारू घेतली असेल तर एक दिवस थांबा.

मी ६६ वर्षांची झाले, आता माझं रक्त घेत नाहीत. पण कोणत्याही चर्चने शिबिर ठेवलं तर खुर्च्या मांडायला, फॉर्म भरून घ्यायला आणि रक्तदात्यांना चहा-बिस्किटं द्यायला मी सकाळी सातपासून हजर असेन.

एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ,
उथळसर, ठाणे