आयक्यूचा आकडा छापताय, मग बाकीचा रिपोर्टही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात पुरवणीत मुलांच्या आयक्यू टेस्टवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी रेमेडियल टीचर आहे, वाचन-लेखनात अडकलेल्या मुलांबरोबर काम करते, त्यामुळे असे रिपोर्ट रोजच हातात असतात. लेखात चुकीचं असं फार नाही, पण सगळा भर त्या एका आकड्यावर. आणि शेवटी चौकट काय, तर "घरी सराव करण्यासाठी नमुना प्रश्न"! अहो, ही टेस्ट आहे, स्कॉलरशिपची परीक्षा नाही. मूल अशा प्रश्नांना पहिल्यांदाच सामोरं जातंय हे धरूनच तिचे गुण ठरवलेले असतात. तयारी करून गेलेल्या मुलाचा आकडा फुगतो आणि मग ज्याला खरंच मदत हवी होती त्याच्या रिपोर्टवर "सर्व काही ठीक" येतं. म्हणूनच तीच टेस्ट लगेच परत घेत नाहीत, वर्ष-दोन वर्षं मध्ये जाऊ देतात.

आता आकड्याबद्दल. या टेस्टमध्ये सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. म्हणजे ९६ आला म्हणून रडायचं काही कारण नाही आणि १०८ आला म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचंही नाही. शिवाय प्रत्येक आकड्याशेजारी एक रेंज दिलेली असते, पाचसहा गुण इकडे तिकडे, कारण मूल त्या दिवशी झोपलं नव्हतं, सर्दी होती, समोरच्या मॅडम आवडल्या नाहीत, काहीही असू शकतं. ती रेंज कोणी वाचतच नाही. पर्सेंटाइलचं तर विचारू नका, ४५ बघितला की पालकांना वाटतं मूल काठावर पास झालं, आणि खरं तर ५० म्हणजे बरोब्बर मधोमध, त्याच्या वयाच्या शंभर मुलांत निम्मी मागे निम्मी पुढे, ४५ म्हणजे तिथेच जवळपास.

पण खरी गोष्ट आत असते. एक दहा वर्षांचा मुलगा होता, एकूण १०६. शाळा म्हणाली नॉर्मल आहे, आळशी आहे, घरी ओरडा. मी आतलं पान उघडलं तर भाषेची समज १२४ आणि प्रोसेसिंग स्पीड ८०! म्हणजे बोलण्यात, समजण्यात वर्गाच्या कितीतरी पुढे, पण बघून भराभर लिहून काढायच्या कामात शंभरातली नव्वदेक मुलं त्याच्यापेक्षा फास्ट. त्या भागात एक काम असतं, वर आकडे आणि प्रत्येकाखाली एक चिन्ह, आणि दोन मिनिटांत जमतील तितकी चिन्हं रिकाम्या चौकोनांत भरायची. हा प्रत्येक चिन्हाला मान वर करून बघत होता, एकही चूक नाही, पण ओळी कितीतरी कमी. म्हणजे पेपरात शेवटचे प्रश्न का राहून जातात ते तिथेच कळलं, आणि त्याला लागत होता तो फक्त जास्तीचा वेळ आणि फळ्यावरून उतरवायचं ओझं कमी करणं. १०६ या आकड्यात यातलं काहीही दिसत नाही.

दुसरं म्हणजे लेखात असं वाटतं की आयक्यू काढला की डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) आहे की नाही ते कळतं. नाही कळत. त्यासाठी मुलाला प्रत्यक्ष वाचायला लावावं लागतं, अर्थ नसलेले बनावट शब्दसुद्धा, कारण ओळखीचे शब्द बरीच मुलं आठवणीवर मारून नेतात. शिवाय शुद्धलेखन, गणित, वर्गशिक्षकांचं म्हणणं, आणि त्या सगळ्याच्या आधी डोळे आणि कान तपासणं (हे वगळून थेट टेस्टला आणलेली मुलं बघितली आहेत मी). पूर्वी आयक्यू आणि वाचन यात मोठी तफावत दिसली तरच लर्निंग डिसॅबिलिटी म्हणायचे, म्हणजे मूल पुरेसं मागे पडेपर्यंत थांबायचं. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानाच्या नियमावलीत ती अट काढली, आता बघतात की मदत देऊनही किमान सहा महिने अडचण तशीच राहिली का. तरी "आयक्यू चांगलाय, मग डिस्लेक्सिया कसा?" हे मला अजून ऐकावं लागतं.

आणि भाषा! घरी एक भाषा, टेस्ट दुसऱ्या भाषेत, मग शब्दांच्या भागात मूल पडणारच. टेस्ट कुठल्या भाषेत घेतली हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसेल तर पालकांनी सरळ विचारावं.

लेखात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांना आयक्यूचे जनक म्हटलंय, ते थोडं अन्यायाचं आहे. १९०५ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी पॅरिसमधल्या कोणत्या मुलांना शाळेत जादा मदत लागेल हे शोधायला प्रश्न तयार केले. मानसिक वय भागिले खरं वय हा हिशोब जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम श्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडला, बिने तर १९११ मध्येच वारले होते. उलट बुद्धी एका आकड्यात कायमची बांधू नका असंच बिने यांचं म्हणणं होतं.

जाता जाता, बरीच मुलं टेस्टला येतात ती इंजेक्शनच्या भीतीने, कारण घरून फक्त "डॉक्टरकडे जायचंय" एवढंच सांगितलेलं असतं. खरं सांगा हो, की तुला काय सोपं जातं आणि कुठे त्रास होतो ते बघणार आहेत, पास-नापास नाही.

तर विनंती अशी की ती नमुना प्रश्नांची चौकट निदान तुमच्या वेबसाइटवरून तरी काढा, आणि पुढच्या वेळी त्या जागी पालकांनी रिपोर्ट घेताना विचारायचे प्रश्न द्या: टेस्ट कशासाठी केली, आतल्या भागांत फरक किती, आणि उद्यापासून वर्गात नेमकं काय बदलायचं. शेवटच्याचं उत्तर मिळाल्याशिवाय फी देऊन उठू नका असंही खुशाल छापा.

आपली,
एक रेमेडियल टीचर