थीम पार्कच्या हॉटेलांची क्रमवारी आणि मध्यरात्रीची परभणीची गाडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर आपल्या पुरवणीत थीम पार्कच्या आवारातील हॉटेलांची जी क्रमवारी प्रसिद्ध झाली, ती आमच्या घरात अक्षरशः मोठ्याने वाचली गेली, कारण यंदा "पार्कमध्येच राहायचे" असा हट्ट नातवंडांनी धरला आहे. माहिती गोळा करण्यात कष्ट घेतलेले दिसतात, त्याबद्दल धन्यवाद. परंतु पोहण्याचा तलाव, खोलीची सजावट, न्याहारीतील पदार्थांची संख्या आणि हॉटेलचे तारे या चार गोष्टींवर लावलेली ती क्रमवारी शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून स्वतःच्या मोटारीने निघून रविवारी रात्री घरी परतणाऱ्या कुटुंबाच्या सोयीची आहे. आम्ही मध्यरात्रीनंतर परभणीच्या फलाटावर पेंगुळलेली मुले, चार बॅगा आणि धपाट्यांचा डबा सांभाळत उभे असतो. कोणते हॉटेल आवडते म्हणायचे, हे आमच्याकडे गाडी किती वाजता पोहोचते आणि भर दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकता येते की नाही, यावर ठरते. या दोन्ही गोष्टींचा त्या लेखात उल्लेखही नव्हता, म्हणून हे पत्र.

आधी दुपारचे सांगतो. अशा उद्यानात सकाळी दहाला शिरलेले कुटुंब दीड-दोन वाजेपर्यंत उत्साहात असते. त्यानंतर लहानांची किरकिर सुरू होते, थोरांचे गुडघे बोलू लागतात आणि केवळ तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून सगळे संध्याकाळपर्यंत ओढत राहतात. उद्यानाच्या आवारातील हॉटेल शहरातील हॉटेलापेक्षा महाग असते. ते जास्तीचे पैसे आपण त्या दोन-अडीच तासांच्या विश्रांतीसाठी मोजतो, असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारी खोलीवर येऊन, अंघोळ करून, झोपून, पाच वाजता ताजेतवाने होऊन पुन्हा आत जाता येत नसेल, तर गावातल्या साध्या लॉजवर उतरावे आणि उरलेल्या पैशात एक दिवस वाढवावा.

ज्यांनी हा धंदा जगाला शिकवला, त्यांनाही हे लगेच उमगले नव्हते. वॉल्ट डिस्ने यांनी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हा हॉटेल बांधायला त्यांच्याकडे पैसा उरला नव्हता. ते काम जॅक रॅदर या दूरचित्रवाणी निर्मात्याकडे गेले, त्याच वर्षी ऑक्टोबरात ते हॉटेल सुरू झाले आणि डिस्ने कंपनीला ते ताब्यात घ्यायला १९८८ साल उजाडावे लागले. मधल्या काळात उद्यानाभोवती इतरांचीच मोटेले उभी राहिली. त्यातून धडा घेऊन फ्लोरिडात सुमारे २७ हजार एकर जमीन आधी खरेदी करण्यात आली आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथील उद्यान सुरू झाले त्याच दिवशी कंटेम्पररी व पॉलिनेशियन ही दोन हॉटेलेही सुरू झाली. कंटेम्पररीच्या तर प्रशस्त दालनातूनच मोनोरेल आरपार जाते. झोपण्याची खोली आणि खेळण्याची जागा यांतले अंतर हाच निवडीचा मुद्दा आहे, हे त्या इमारतीकडे पाहून एखाद्या पोरालाही कळते.

माझी कन्या अमेरिकेत नोकरीला असल्यामुळे २०२३ साली फ्लोरिडातला हा प्रकार पाहता आला. मोनोरेलच्या हॉटेलचे भाडे ऐकून मी आणि सौ. दोघेही गप्प बसलो आणि आम्ही त्यांच्या स्वस्त गटातील हॉटेल घेतले. तेथील डिस्नेच्या कोणत्याही हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांना उद्यानात इतरांच्या अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, मग हॉटेल स्वस्त असो की महाग. ही सवलत आम्ही मनसोक्त उपभोगली. मात्र आमच्या हॉटेलापासून उद्यानापर्यंत बसने ये-जा करायची होती आणि पहिल्याच दुपारी आमच्या लक्षात आले की, जाण्यायेण्याचा वेळ वजा केल्यावर हातात जेमतेम वामकुक्षीपुरती सवड उरते. दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारी परतलोच नाही. स्वस्त आणि महाग यांतील खरा फरक गादीत नसून अंतरात होता, हे पस्तीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाला तिथे जाऊन कळावे, याचे थोडे हसूही येते.

या कसोटीवर आपल्या राज्यातील खोपोलीच्या इमॅजिकाजवळचे नोवोटेल चांगलेच उतरते. इमॅजिका २०१३ साली सुरू झाले, हॉटेल २०१५ साली आले, त्यात २८७ खोल्या आहेत आणि ते उद्यानाला लागूनच आहे, त्यामुळे दुपारी येऊन पुन्हा आत जाणे हा तिथे सोहळा होत नाही. आपल्या लेखात त्याला वरचे स्थान दिले आहे, ते योग्यच आहे. आमची अडचण वाटेतली आहे. परभणीहून आधी पुणे, पुण्याहून घाट उतरून खोपोली, तिथून पालीच्या रस्त्याने पुढे, अशी दोन-तीन वाहने बदलत जाताना एक दिवस जातो आणि येताना दुसरा. समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगरवरून जातो, त्यामुळे स्वतःची गाडी असलेल्यांना आता पश्चिमेकडची वाट सोपी झाली आहे, हे खरे. पण मी लिहितो आहे ते रेल्वेच्या आरक्षणासाठी सकाळी आठपासून मोबाइल हातात धरून बसणाऱ्यांच्या वतीने.

आमची गाडी हैदराबादकडे जाते. आपल्या पुरवणीने रामोजी फिल्म सिटीतील हॉटेलांना "परराज्यातील पर्याय" या चौकटीत शेवटी दोन ओळी दिल्या, ते वाचून मला गंमत वाटली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या संस्थानात होतो आणि त्यानंतरही १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद हीच आमची राजधानी होती. माझ्या वडिलांना मुंबई प्रथम दिसली ती वयाच्या चाळिशीत. हैदराबादला मात्र ते लहानपणापासून जात. आजही नांदेड, परभणी, लातूर, उदगीर भागातील माणूस दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी सहज हैदराबादची वाट धरतो. अजिंठा एक्स्प्रेसमध्ये रात्री बसले की सकाळी काचीगुड्याला उतरता येते. तिथून एल. बी. नगर, हयातनगर मागे टाकून विजयवाडा महामार्गाने गेले की फिल्म सिटीचे प्रवेशद्वार येते.

१९९६ साली उभी राहिलेली ही चित्रनगरी जगातील सर्वांत मोठे चित्रपट निर्मिती संकुल म्हणून गिनेस बुकात नोंदलेली आहे. थीम पार्कच्या काटेकोर व्याख्येत ती बसते का, यावर वाद घालता येईल, पण नातवंडांना तो वाद कळत नाही. महत्त्वाचे म्हणजे तिच्या आवारातच वेगवेगळ्या ऐपतीची निवासस्थाने आहेत. सितारा हे सर्वांत आलिशान, तारा त्याखालोखालचे, शांतिनिकेतन आणखी माफक आणि मोठ्या गटांसाठी सहारा. मला विचाराल तर माझी पसंती ताराला. आम्ही तिथे दोनदा उतरलो आहोत. सिताराची शान बघण्यासारखी आहे, पण दिवसभर चित्रीकरणाचे देखावे, बागा आणि पक्ष्यांचे दालन पाहत हिंडणारे कुटुंब खोलीत असते किती वेळ? रात्री आडवे व्हायला आणि दुपारी थोडे विसावायला स्वच्छ खोली, बाजूबाजूच्या दोन खोल्या मिळण्याची शक्यता आणि म्हाताऱ्या माणसाला झेपेल एवढेच चालणे, यापलीकडे आम्हाला काही नको होते. अकरा जणांचे एकत्र कुटुंब किंवा शाळेची सहल असेल, तर सहाराचा विचार करावा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. आवार दीड हजार एकरांहून मोठे आहे, त्यामुळे पायी जाण्याचा प्रश्नच येत नाही आणि आतील वाहनांच्या वेळा उतरतानाच स्वागतकक्षात विचारून कागदावर लिहून घ्याव्या लागतात. आमच्या सूनबाईंनी हे काम पहिल्या दिवशी केले आणि दुपारची झोप वाचवली.

आता गाडीचा प्रश्न. कोणत्याही हॉटेलची खोली साधारण दुपारी बारा ते दोनच्या सुमारास हाती येते. रात्रीची रेल्वे किंवा ट्रॅव्हल्स मात्र आम्हाला पहाटे नाहीतर सकाळी उतरवते. पुरवणीतील यादीत हॉटेलच्या तलावाची लांबी होती, पण खोली किती वाजता मिळते, लवकर मिळाल्यास किती आकारणी होते, खोली मिळेपर्यंत सामान कुठे ठेवायचे आणि तोंड धुऊन कपडे बदलायला जागा आहे का, यांपैकी एकही गोष्ट नव्हती. काही वर्षांपूर्वी एका उद्यानाच्या हॉटेलात (नाव घेण्याची गरज नाही) आम्ही सकाळी सहाला पोहोचलो आणि खोली दोन वाजता मिळाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आठ तास दालनातील सोफ्यावर बसून होत्या. बाकीचे आळीपाळीने उद्यानात जाऊन आले, पण कोणाचे मन लागले नाही. त्याच हॉटेलात आम्ही जास्तीचे पैसे भरून "उद्यान दिसणारी खोली" घेतली होती. खिडकीतून वाहनतळ दिसत होता आणि त्याच्या पलीकडे एका पाळण्याचे टोक. तेव्हापासून मी आरक्षणापूर्वी दूरध्वनी करतो, बोलणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव विचारतो आणि ठरलेले सर्व ई-मेलवर मागवून घेतो. मुलगा याला माझा मास्तरी खाक्या म्हणतो.

कराविषयीही चार शब्द लिहिणे भाग आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीसाठी ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर पाच टक्के जीएसटी लागतो, जो त्यापूर्वी बारा टक्के होता. त्याहून अधिक भाडे असेल, तर दर थेट अठरा टक्क्यांवर जातो. म्हणजे ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० रुपयांना पडते आणि ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. भाड्यात फरक दोनशेचा, खिशातून जाणारे मात्र ११९८ रुपये जास्त. आपल्या यादीतील दर करासह आहेत की कर वगळून, याचा खुलासा नव्हता आणि या मर्यादेच्या आसपासच्या हॉटेलांची तुलना त्याखेरीज निरर्थक ठरते. शिवाय खोली, प्रवेश आणि जेवण यांचे एकत्रित पॅकेज असेल, तर त्यात मुलांच्या प्रवेशाचे आणि जादा गादीचे शुल्क धरले आहे का, हेही विचारावे लागते. स्वस्त दिसणारे पॅकेज बहुधा दोन प्रौढांपुरते असते.

सुट्टीचा काळ हाही आमच्याकडे वेगळा विषय आहे. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हैदराबादलाही फारसा दिलासा नसतो, त्यामुळे उन्हाळ्यात मोकळ्या आवारात हिंडण्यासाठी पैसे भरणे मला पटत नाही. सोयाबीन बाजारात गेल्यावर हाती पैसा येतो, रब्बीच्या पेरण्या आटोपतात आणि दिवाळीची सुट्टी असते, तेव्हाच शेतीवर अवलंबून असलेले घर बाहेर पडू शकते. नेमक्या त्याच दिवसांत हॉटेलांचे भाडे सर्वांत चढे असते. ज्यांची मुले अजून शाळेत जात नाहीत, त्यांनी दिवाळीनंतर पंधरा दिवस थांबून मंगळवार-बुधवार साधावा. आमच्या घरात नातू चौथीत आणि नात सहावीत असल्याने हा मार्ग आम्हाला बंद आहे.

तेव्हा पुढच्या वेळी अशी यादी छापताना खोलीपासून उद्यानाच्या दारापर्यंतचे अंतर आणि ते कापायला लागणारा वेळ, खोली हाती मिळण्याची वेळ, जवळचे रेल्वे स्थानक, जादा गादीचे शुल्क, उद्वाहक (लिफ्ट) आहे की नाही आणि करासह एकूण रक्कम, एवढे तपशील दिल्यास पोहण्याच्या तलावाचे छायाचित्र थोडे लहान केले तरी चालेल. आणि हैदराबादची हॉटेले निदान मराठवाडा आवृत्तीत तरी परराज्याच्या चौकटीतून बाहेर काढावीत. आमचे यंदाचे आरक्षण ताराचेच आहे; अजिंठा एक्स्प्रेसची सहापैकी चार तिकिटे निश्चित झाली असून दोन अद्याप प्रतीक्षा यादीत आहेत.

कळावे,
आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, परभणी