पागेसाहेब, माझ्या आजीच्या हजेरीबद्दल आभार

आदरणीय वि. स. पागेसाहेब,

तुम्ही आज हयात नाही हे ठाऊक असूनही लिहितेय. माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत ३००. नोकरी लागली त्या वर्षी मी यावर बरीच कुरकुर केली होती. पुढे कळलं, की १९७५ साली हा कर लागू झाला तो तुमच्या कल्पनेतून आलेल्या, मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. त्या दिवशी आजी डोळ्यांसमोर आली आणि तुमचे आभार मानायचे राहिलेत असं वाटलं.

आजी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. १९७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. जुन्या टायरचं कडं करून त्यात दगड धरायचा आणि वरून हातोडी घालायची. कपची उडून तिच्या डाव्या भुवईवर वण पडला होता, तो शेवटपर्यंत होता. खायला सुकडी, म्हणजे सरकारकडून मिळणारं पौष्टिक कोरडं खाणं, आणि तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर ५० लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. त्या कामांनी माणसं जगवली, यात शंकाच नाही. पण पाऊस पडला की दुष्काळी काम बंद. उन्हाळा मात्र दर वर्षी येतो, आणि कोरडवाहू शेतीत होळीनंतर मजुराच्या हाताला काम नसतं. हे तुम्ही त्याच्याही आधी ओळखलं होतं, म्हणून १९६९मध्येच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात हमीचा पहिला प्रयोग सुरू झाला.

तुम्ही विधान परिषदेचे सभापती होता. मंत्र्याचं खातं नव्हतं, तिजोरीच्या किल्ल्याही तुमच्या हाती नव्हत्या. तरी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या गळी तुम्ही ही कल्पना उतरवलीत. मला सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं. गरिबाला काम देऊ म्हणायला काय लागतं? पैसा कुठून आणायचा, इथं गाडं अडतं. तुमच्या योजनेला पैशाची सोय कायद्यानं बांधून मिळाली. नोकरदारांवर कर, मोटारगाड्यांवर कर, विक्रीकरावर वाढीव भार, बागायती जमिनीवर आकार. यातून जेवढं जमेल तेवढीच रक्कम सरकारनं आपल्याकडून घालायची. १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमतानं मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. शहरातून निवडून आलेल्या आमदारांनीही तेव्हा या खर्चाला पाठिंबा दिला. आपल्या मतदारांच्या खिशातून जाणारा पैसा त्यांनी कधी न पाहिलेल्या गावातल्या बायकांसाठी मंजूर केला. त्यांची सगळ्यांची नावं मला माहीत नाहीत, पण हे आभार त्यांचेही आहेत.

आजीला कायदा वाचता येत नव्हता. तिला कळलेला कायदा एवढाच: नमुना चार, म्हणजे कामाच्या मागणीचा अर्ज, भरून दिला की पंधरा दिवसांत काम मिळालं पाहिजे, नाही मिळालं तर भत्ता मागता येतो. कुणाच्या दारात उभं राहून ‘काम असलं तर सांगा’ म्हणायची पाळी येत नाही. अडचणी होत्याच. मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, उशिरा निघायचं, पगार कधी कधी तीन-तीन आठवडे लांबायचा, मोजमापावरून मुकादमाशी भांडण व्हायचं. तरी ती जायची. मालकाच्या शेतात बाईला गड्यापेक्षा कमी मजुरी. इथं चौकडी, म्हणजे मोजून दिलेला चौकोनी खड्डा, खोदली की बाईला आणि बाप्याला दर एकच. हे सांगताना तिचा आवाज चढायचा. पगाराच्या दिवशी मस्टरवर अंगठा उठवला की पैसे तिच्या हातात पडत. त्याच पैशातून तिनं माझ्या आईला शाळेत घातलं, दप्तर घेतलं, आणि सातवीनंतर ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या घरच्यांना उत्तर दिलं, “माझ्या कमाईवर शिकतीय ती.”

आई लहान असताना कामाच्या जागी बाभळीला बांधलेल्या साडीच्या झोळीत झोपायची. तिच्याच पोटची मी, आज पंख्याखाली बसून पगार घेते.

२००५मध्ये संसदेनं सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा आपल्याकडचा हा अनुभव त्यामागे होता. तुम्हाला ते बघायला मिळालं नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

मागच्या मे महिन्यात आईबरोबर गावी गेले होते. आजीनं माती वाहिलेल्या पाझर तलावाच्या भरावावर आता बाभळी दाट झाल्यात. तलाव आटला होता, पण खालच्या अंगाच्या विहिरीत पाणी होतं. आईनं भरावाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “तिकडं होती तिची चौकडी.”

आपली कृतज्ञ,
रोजगार हमीवरच्या एका मजूर बाईची नात